विल्यम बायरन रमफर्ड : घराच्या हक्कासाठी झगडलेला लोकप्रतिनिधी

स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे ही आपल्या संस्थेची जुनी प्रथा आहे. तो पुरुष बहुधा आपल्या ज्ञातीतील असतो, निदान आपल्या प्रांतातील तरी असतोच. यंदा संपादक मंडळाने हे काम आमच्याकडे सोपविले तेव्हा ही प्रथा एक वर्षापुरती मोडण्याची परवानगी आम्ही मागितली आणि मंडळाने ती उदार मनाने दिली. ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या देशाचेही नव्हेत. ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे एक कृष्णवर्णीय आमदार होते. व्यवसायाने औषधविक्रेते. नाव विल्यम बायरन रमफर्ड.

इतक्या दूरचा माणूस आम्ही का निवडला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांची मुले-मुली आज त्याच कॅलिफोर्नियात, सनीव्हेल, फ्रेमाँट, सॅन होजे अशा गावी नोकरीनिमित्त राहतात. कोणी तेथे भाड्याने राहतो, कोणी स्वतःचे घर घेतले आहे. घर घेताना त्यांची मिळकत विचारली जाते. परंतु वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून कोणी दार लावून घेतले तर ते तेथे बेकायदा ठरते, आणि दाद मागण्याची सोय आहे. ही सोय आकाशातून पडलेली नाही. तिच्यासाठी एका माणसाने आपली आमदारकी पणास लावली, आणि अखेर ती गमावलीही. त्या माणसाची ओळख आपल्या कुटुंबांस असावी, हा एक हेतू. दुसरा हेतू आमच्या स्वतःच्या मनातील एका सलाशी निगडित आहे. तो आम्ही शेवटी सांगू.

रमफर्ड यांचा जन्म २ फेब्रुवारी १९०८ रोजी अॅरिझोना प्रांतातील कोर्टलंड या खाणींच्या गावी झाला. खाणी संपल्या तसे ते गावही ओस पडले. रमफर्ड यांचे बालपण पुढे फिनिक्स शहरी गेले. तेथे कृष्णवर्णीय मुलांची शाळा निराळी आणि गौरवर्णीय मुलांची निराळी अशी व्यवस्था होती. घरची स्थिती बेताची असल्याने लहानपणापासून मिळेल ते काम करून शिक्षण चालवावे लागले. पुढे तरुणपणी ते कॅलिफोर्नियात आले, आणि काम करीत करीतच औषधनिर्माणशास्त्राचा अभ्यास पुरा करून १९३१ साली त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाची त्या शास्त्रातील पदवी मिळविली. ओकलंड येथील हायलंड या सरकारी रुग्णालयात त्यांस नोकरी मिळाली. तेथे नेमणूक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. १९४२ साली शेजारच्या बर्कले गावी सॅक्रामेंटो स्ट्रीट या रस्त्यावर त्यांनी स्वतःचे औषधांचे दुकान केले. पुढे आमदार झाल्यावरही हे दुकान त्यांनी सोडले नाही. विद्येची ओढही अशी की, संसार, दुकान आणि सार्वजनिक काम सांभाळून त्यांनी बर्कलेच्या विद्यापीठात राज्यशास्त्राचा व लोकप्रशासनाचा अभ्यास केला.

आता त्या काळच्या बर्कलेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण त्याशिवाय रमफर्ड यांच्या कार्याचे मोल ध्यानात येणार नाही. बर्कले हे विद्येचे माहेरघर. जगभरचे पंडित तेथे येत. परंतु गावाच्या मध्यातून ग्रोव्ह स्ट्रीट नावाचा रस्ता जाई, आणि त्याच्या पूर्वेस, टेकड्यांच्या बाजूस, कृष्णवर्णीय माणसास घर मिळत नसे. ही रेषा कोणत्याही कायद्याने आखलेली नव्हती. ती घरमालक, दलाल आणि कर्ज देणाऱ्या पेढ्या यांनी मिळून आखली होती. अनेक खरेदीखतांत असे कलमच घातलेले असे की, हे घर गौरवर्णीयाखेरीज कोणास विकू नये, कोणास राहावयास देऊ नये. घरकाम करणारा नोकर मात्र चालेल. म्हणजे कृष्णवर्णीय माणूस त्या घरात झाडू घेऊन शिरला तर हरकत नव्हती, किल्ली घेऊन शिरता येत नव्हते. शिवाय १९३७ च्या सुमारास सरकारी कर्ज-संस्थेने शहरांचे जे नकाशे केले, त्यांत दक्षिण व पश्चिम बर्कलेचे भाग तांबड्या रंगाने दाखविले गेले. तांबडा रंग म्हणजे कर्ज धोक्याचे. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून घराची किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही, असे ते चक्र होते.

हा जाच केवळ कृष्णवर्णीयांसच होता असेही नव्हे. पेशावरचे वैष्णोदास बगाई हे गृहस्थ १९१५ साली पत्नी कला व तीन मुले यांच्यासह सॅन फ्रान्सिस्कोस आले. पुढे त्यांनी बर्कलेत घर विकत घेतले. सामानसुमान घेऊन कुटुंब घरापाशी पोहोचले, तो शेजाऱ्यांनी घर कुलुपे लावून बंद केलेले. पैसे मोजलेले घर सोडून कुटुंब परत फिरले. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक नागरिकत्वास पात्र नाहीत असा निर्णय दिला, त्यात बगाई यांचे नागरिकत्वही गेले, आणि १९२८ साली त्यांनी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपविली. अलीकडे बर्कले नगरीने एका रस्त्यास कला बगाई यांचे नाव देऊन त्या अन्यायाची आठवण ठेविली आहे. आपल्या वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. रमफर्ड यांचा लढा हा आपल्या देशबांधवांचाही लढा होता, हे त्यावरून कळेल.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बर्कलेच्या शेजारील रिचमंड येथे जहाजे बांधण्याचे प्रचंड कारखाने निघाले. दक्षिणेकडील प्रांतांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामासाठी येऊ लागली. १९४० साली रिचमंडची वस्ती सुमारे २३ हजार होती, ती युद्धकाळात एक लाखाच्या आसपास गेली. काम होते, मजुरी होती, पण राहावयास जागा नव्हती. एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहात. आणि जी थोडी घरे रिकामी होत, ती या लोकांस मिळत नसत. १९४२ साली बर्कलेच्या महापौरांनी निवासाच्या या आणीबाणीसाठी एक समिती नेमली, तीत रमफर्ड यांस घेतले. १९४४ साली गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी त्यांस घरभाडे नियंत्रण मंडळावर नेमले. रमफर्ड यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ असा घरांच्या प्रश्नापासून झाला. औषधविक्रेत्याकडे माणसे दुखणे घेऊन येतात, आणि दमट, कोंदट, दाटीच्या घरांतून कोणती दुखणी येतात हे त्याच्याइतके जवळून कोणास दिसते? औषधाच्या बाटलीने जे बरे होणार नाही ते कायद्याने बरे करावे लागेल, या निष्कर्षाप्रत ते आले असतील तर नवल नाही.

डी. जी. गिब्सन हे त्या भागातील कृष्णवर्णीयांचे जाणते संघटक होते. त्यांच्या पाठिंब्याने रमफर्ड १९४८ साली राज्याच्या विधानसभेसाठी, म्हणजे तेथील असेंब्लीसाठी, उभे राहिले आणि निवडून आले. उत्तर कॅलिफोर्नियातून निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय आमदार. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांच्या मतदारसंघात बहुसंख्य मतदार गौरवर्णीय होते. तेथे दर दोन वर्षांनी निवडणूक होते. रमफर्ड ओळीने नऊ वेळा निवडून आले. केवळ आपल्या जातभाईंच्या मतांवर हे घडणे शक्य नव्हते. रस्ता, आरोग्य, शिक्षण, धूर अशा सर्वांच्या अडचणी त्यांनी आपल्या मानल्या. विधानसभेच्या सार्वजनिक आरोग्य समितीचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते आणि हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नात त्यांनी मनापासून लक्ष घातले. हवा सर्वांची असते. तिला ग्रोव्ह स्ट्रीटची रेषा ठाऊक नसते.

त्यांच्या कामाची रीत शांत होती. सभागृहात आरडाओरड करून नाव मिळविणारे ते नव्हते. एकेका सदस्यास गाठावे, समजवावे, हवे तर कलमाचे शब्द बदलावेत, पण आशय सोडू नये, असा त्यांचा खाक्या होता. १९४९ साली राज्याच्या नॅशनल गार्ड या सैन्यदलातील वर्णभेद बंद करणारा कायदा त्यांनी आणला. नोकरी देताना वर्ण, धर्म, वंश पाहू नये, यासाठी लॉस एंजेलिसचे आमदार ऑगस्टस हॉकिन्स यांच्यासह त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. विधेयक येई आणि पडे. पुन्हा येई, पुन्हा पडे. अखेर १९५९ साली ते मंजूर झाले, आणि तक्रारींची चौकशी करणारे एक आयोग स्थापन झाले. त्याच वर्षी, सरकारी साहाय्याने बांधलेल्या घरांत भेदभाव करू नये असा हॉकिन्स यांचा कायदाही झाला. परंतु त्यात एक उणीव होती. ज्यास घर नाकारले त्याने स्वतः वकील करावा, स्वतः कोर्टात जावे आणि निकालाची वाट पाहावी. ज्याच्यापाशी राहावयास घर नाही त्याने कोर्टाचा खर्च कोठून आणावा?

घर नाकारण्याची ही रीत किती खोल मुरली होती, याचे एक उदाहरण देतो. १९५७ साली विली मेज हा नामांकित बेसबॉलपटू, ज्याच्या खेळासाठी सारे सॅन फ्रान्सिस्को वाट पाहात होते, तेथे घर घेऊ लागला. पैसे रोख तयार असता घरमालकाने शेजाऱ्यांच्या भीतीने प्रथम नकार दिला. गाजावाजा झाला आणि महापौरांस मध्ये पडावे लागले तेव्हा कोठे घर मिळाले. ज्याच्यासाठी महापौर मध्ये पडत नाहीत, त्या सामान्य माणसाने काय करावे?

याचे उत्तर रमफर्ड यांनी १९६३ साली दिले. त्या वर्षीचा आरंभ शुभ नव्हता. बर्कले नगरपालिकेने घरांतील भेदभाव बंद करणारा नियम केला होता. पण विरोधकांनी त्यावर मतदान मागितले, आणि एप्रिल महिन्यात थोड्या मतांनी तो नियम रद्द झाला. म्हणजे रमफर्ड यांच्या स्वतःच्या गावाने कौल विरुद्ध दिला होता. अन्य एखादा लोकप्रतिनिधी येथे थांबला असता. रमफर्ड यांनी मात्र सबंध राज्यासाठी विधेयक मांडले. असेंब्लीत ते संमत झाले, परंतु सिनेटच्या समितीत अडकून पडले. दिवसांमागून दिवस गेले. वर्णसमतेसाठी झटणारे तरुण-तरुणी राज्याच्या विधानभवनात ठाण मांडून बसले. रमफर्ड यांनी काही कलमे सौम्य केली, काही सोडली. २१ जून हा अधिवेशनाचा शेवटचा दिवस. मध्यरात्री सभागृह संपले की विधेयकही संपले. त्या रात्री उशिरा सिनेटने ते मंजूर केले, आणि मध्यरात्रीस थोडाच अवकाश असता असेंब्लीने दुरुस्त्यांस संमती देऊन ते पार पाडले. गव्हर्नर एडमंड ब्राऊन या विधेयकाच्या पाठीशी होते. त्यांची सही होऊन कायदा झाला. लोक त्यास रमफर्ड कायदा म्हणूनच ओळखू लागले.

या कायद्याने पाच वा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींत आणि सरकारी साहाय्य लाभलेल्या घरांत वर्ण, धर्म, मूळ देश किंवा वंश यांवरून नकार देणे बेकायदा ठरविले. खाजगी कर्जावरील कित्येक घरे त्यातून सुटली. परंतु मुख्य गोष्ट साधली. तक्रारदाराने आता आयोगाकडे जावयाचे. वकिलाची गरज नाही. आयोगाने चौकशी करावयाची, प्रथम दोघांस समजुतीने एकत्र आणावयाचे, आणि न जमल्यास तेच घर किंवा तसेच दुसरे देण्याचा हुकूम करावयाचा. तेही शक्य नसल्यास पाचशे डॉलरपर्यंत भरपाई द्यावयास लावावयाची. शिक्षेपेक्षा समेटावर भर देणारा हा कायदा होता.

तरीही त्याविरुद्ध वादळ उठले. घरांची दलाली करणाऱ्यांच्या राज्यव्यापी संघटनेने सह्या गोळा करून एक घटनादुरुस्ती थेट मतदारांपुढे ठेविली. ती चौदावा प्रस्ताव म्हणून प्रसिद्ध आहे. आपली मालमत्ता कोणास द्यावी आणि कोणास नाकारावी हा मालकाचा अनिर्बंध अधिकार आहे, सरकारने त्यात हात घालू नये, असा तिचा मथितार्थ. हे बोलणे वरवर सरळ वाटते, आणि पुष्कळ सज्जनांसही ते पटले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी कॅलिफोर्नियात येऊन विरोधात प्रचार केला, तरी ३ नोव्हेंबर १९६४ रोजी सुमारे ६५ टक्के मतदारांनी प्रस्तावाच्या बाजूने कौल दिला. आश्चर्य हे की, वर्णसमतेचा राष्ट्रीय कायदा करणारे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांस त्याच दिवशी त्याच मतदारांनी मोठ्या बहुमताने निवडून दिले. दूरच्या प्रांतातील अन्याय दूर व्हावा असे सर्वांस वाटत होते. आपल्या शेजारच्या घराचा प्रश्न निघाला की मत बदलत होते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॅट्स भागात दंगल उसळली आणि ३४ माणसे प्राणास मुकली. तिची कारणे अनेक होती. त्यांत या मतदानाने झालेला मानभंग इतिहासकार मोजतात.

१९६६ साली रमफर्ड राज्याच्या सिनेटसाठी उभे राहिले आणि अगदी थोड्या मतांनी पडले. अठरा वर्षांची आमदारकी संपली. त्याच निवडणुकीत गव्हर्नर झालेले रोनाल्ड रेगन हे रमफर्ड कायद्याचे विरोधक होते. सारे संपले असे वाटावे अशी ती वेळ होती.

परंतु ते संपले नव्हते. सांता अॅना येथील मल्की नावाच्या कृष्णवर्णीय दांपत्यास १९६३ साली भाड्याचे घर नाकारले गेले होते. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९६६ च्या मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चौदावा प्रस्ताव घटनाबाह्य ठरविला, आणि २९ मे १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निर्णय कायम केला. भेदभाव करण्याच्या अधिकारास राज्याने स्वतःच्या घटनेचे कवच देणे म्हणजे त्या भेदभावात सामील होणेच आहे, असा त्याचा आशय. रमफर्ड कायदा पुन्हा उभा राहिला. १९६८ साली सबंध देशासाठी घरांतील समतेचा कायदा झाला. रमफर्ड यांचे निधन १२ जून १९८६ रोजी झाले. ओकलंडजवळील एका महामार्गास त्यांचे नाव दिलेले आहे, आणि बर्कलेत सॅक्रामेंटो स्ट्रीटवर, जेथे त्यांचे दुकान होते त्या परिसरात, त्यांचा पुतळा उभा आहे.

चरित्र येथे संपले. आता मनातील सल सांगतो.

बाविसाव्या वर्षी शिक्षक म्हणून आमची पहिली नेमणूक एका तालुक्याच्या गावी झाली. एका घरावर खोली भाड्याने देण्याची पाटी होती. घरमालकांनी नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि खोली एका नातेवाइकास कबूल केली आहे असे सांगितले. ती पाटी पुढे महिनाभर आम्ही शाळेत जाता-येता पाहात होतो. अखेर एका वृद्ध विधवा बाईंनी आम्हांस जागा दिली. त्यांनी फक्त पगार कोणत्या तारखेस होतो एवढेच विचारले. त्या माउलीस आम्ही विसरलो नाही. ती पाटीही विसरलो नाही.

असे असता गेल्या सर्वसाधारण सभेत काय झाले? संस्थेच्या वसाहतीचा विषय निघाला. सदनिका केवळ ज्ञातिबांधवांसच मिळाव्यात, आणि पुढेही त्या बाहेरच्या माणसास विकता वा भाड्याने देता येऊ नयेत, असे कलम घालण्याची सूचना आली. पुष्कळ हात वर झाले. त्यांत आमचाही एक हात होता. आम्हांस त्या क्षणी ती पाटी आठवली नाही. ती आठवली पुढे, रमफर्ड यांचे चरित्र वाचताना, खरेदीखतांतील त्या कलमापाशी आल्यावर.

सूचना मांडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपल्यातील गरीब कुटुंबांस निवारा मिळावा, ज्यांस इतरांनी दारातून परत पाठविले त्यांस हक्काचे दार असावे, ही भावना स्तुत्यच आहे. कायद्याचाही अडसर दिसत नाही. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असे नियम मान्य केले आहेत. परंतु कायदा ज्यास परवानगी देतो ते सर्व करावेच असे नाही. गरजूंस अग्रक्रम देणे निराळे, आणि अमक्या आडनावाचा माणूस या जिन्यावर कधीच चढणार नाही असे कागदावर लिहून ठेवणे निराळे. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात ती पाटी आहे.

म्हणून येत्या सभेत आमची नम्र सूचना अशी राहील की, सदनिकांचे प्रथम वाटप गरज पाहून संस्थेच्या सभासदांस करावे, परंतु पुढील विक्री व भाडे यांवरील ते कलम गाळावे. सूचना पडेल असे आमचे अनेक मित्र सांगतात. पडली तर पडो. रमफर्ड यांचीही विधेयके वारंवार पडली, आणि त्यांच्या कायद्याविरुद्ध तर पासष्ट टक्के मते पडली होती. ज्या कायद्याच्या छत्राखाली आपली मुले परदेशी निर्धास्त राहतात, त्याचे ऋण फेडण्यास आपल्याच वसाहतीचे दार पुरेसे आहे. त्या सभेस सर्व सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे, अशी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.